कुठल्या खात्यात आहात?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी काका हमखास विचारायचे, "कुठल्या खात्यात आहात?" मी म्हणायचो, "ईडीपी." काका मठ्ठ्याचा एक घोट घ्यायचे, जरा विचार करायचे आणि म्हणायचे, "म्हणजे सरकारीच ना?"

१९९४ साली मी भोसरीच्या एका कारखान्यात लागलो, तेव्हा कॉम्प्युटर विभागाला ईडीपी म्हणत. इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग. काकांना ते पीडब्ल्यूडीचं भावंड वाटायचं, त्यात त्यांची काही चूक नाही. गंमत अशी की त्यांचा तो प्रश्न आता माझ्याच तोंडी बसलाय. रोज सकाळी लॅपटॉप उघडला की काळ्या खिडकीत पहिली ओळ मी तीच टाइप करतो. एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी, ॲमेझॉनच्या क्लाउडला विचारायची कमांड. मराठीत सांगायचं तर, बाबा रे, मी आत्ता कुठल्या खात्यात आहे?

तेव्हा हे विचारायची वेळच येत नसे.

ईडीपीच्या दारात चपला काढाव्या लागत. आत एसी होता, त्यामुळे मे महिन्यात कारखान्यातल्या निम्म्या लोकांना आमच्याकडे काही ना काही काम निघायचं. कोपऱ्यात ४८६ चं एक मशीन, त्यावर एससीओ युनिक्स. त्यातून निघालेल्या राखाडी केबली भिंतीला भोकं पाडून स्टोअर्स, परचेस, टाइम ऑफिस, अकाउंट्स अशा सोळा टर्मिनलांपर्यंत गेलेल्या. टर्मिनल म्हणजे नुसते डोळे आणि बोटं. डोकं सगळं आमच्या खोलीत. ते डोकं तापलं की आम्ही उठून त्याला हात लावून बघायचो, तापाच्या पोराला बघतात तसं.

या मशीनवर खातं मिळवायचं तर छापील अर्ज होता. त्यावर विभागप्रमुखांची सही, मग आमच्या साहेबांची. मग साहेब स्वतः रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यानं, लॉगिन करत, खातं उघडत आणि पासवर्ड कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून देत. हे सगळं कापडी पाठीच्या एका लांब रजिस्टरात उतरायचं. अनुक्रमांक, नाव, विभाग, युजर आयडी, तारीख, सही आणि शेवटचा रकाना शेरा. माझा जीव त्या शेऱ्याच्या रकान्यात होता. 'बदली, नाशिक.' 'लग्नानंतर आडनाव बदलले.' 'पासवर्ड तीनदा विसरले, समज दिली.' रूटचा पासवर्ड लाखेनं सील केलेल्या पाकिटात आणि ते पाकीट अकाउंट्सच्या गोदरेज कपाटात. माझ्या कारकिर्दीत ते एकदाच फोडलं गेलं, साहेबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा.

पहिल्याच आठवड्यात मॅन्युअल चाळताना मला 'हू ॲम आय' ही कमांड सापडली. तीन शब्द, मध्ये जागा सोडून. मी ती हौसेनं दिली. पडद्यावर एक ओळ उमटली: माझं नाव, टर्मिनलचा नंबर, तारीख, वेळ. साहेब नेमके पाठीमागे उभे होते.

"अरे, विसरलास होय स्वतःला?"

मी ओशाळून हसलो. पण साहेब त्या ओळीतलं नाव बघतच नव्हते, त्यांची नजर टर्मिनलच्या नंबरावर होती. "अकराव्यावर का बसलायस? ते टाइम ऑफिसचं आहे. ऊठ."

सोळाही नंबर त्यांना पाठ होते. नुसतं 'हू' म्हटलं की कोणकोण लॉगिन झालंय त्याची यादी यायची, आणि ती वाचून साहेब कारखान्याची कुंडली मांडत. परचेसवाले जेवायला गेलेत पण बाहेर पडायचे विसरलेत. सातव्यावर पगाराचं नाव दिसतंय, म्हणजे कुणीतरी दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसलंय. माणसाची ओळख खुर्चीला बांधलेली होती. खुर्ची कळली की माणूस कळला, आणि माणूस कळला की त्याला काय करायची मुभा आहे तेही कळलं.

युनिक्सच्या पासवर्ड फाइलमध्ये दर माणशी एक ओळ असते, कोलननं तोडलेले सात रकाने. पाचव्या रकान्यात माणसाचं पूर्ण नाव. या रकान्याला जीकॉस म्हणतात. का म्हणतात, ते मला फार उशिरा कळलं. बेल लॅब्जमध्ये युनिक्स नवं होतं तेव्हा छपाईची आणि काही जड कामं तिथल्या दुसऱ्या मोठ्या मशीनकडे पाठवत. त्या मशीनवरची सिस्टिम मूळची जनरल इलेक्ट्रिकची, तिचं नाव जीकॉस. तिकडे काम धाडायचं तर तिकडच्या खात्याची ओळख सोबत जोडावी लागे. ती कुठे ठेवायची? युनिक्सवाल्यांनी आपल्याच पासवर्ड फाइलीत एक रकाना काढला. म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर आपलं खातं कुठलं, हे टिपून ठेवायची कटकट क्लाउडच्या कितीतरी आधीची आहे. पुढे ती मशिनं गेली, रकान्यात माणसांची नावं आली, पण रकान्याचं नाव तेच. पासोड्या विठोबासमोर आता पासोड्या कुठे मिळतात?

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. वर्ष-दोन वर्षांत आमच्या एका मित्राकडे शेल खातं आलं. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. पत्रांसाठी पाइन, वेबसाठी लिंक्स. मोडेमची ती किंकाळी ऐकायला आम्ही चार-चार जण त्याच्या घरी जमायचो आणि त्याची आई विचारायची, "फोन कधी मोकळा होणार रे?" त्याच्या ईमेलच्या पत्त्यात ॲटच्या पुढे जीआयएएसपीएन०१ असं लांबलचक काहीतरी होतं. पीएन म्हणजे पुणे. मुंबईकरांच्या पत्त्यात तिथे बीएम असायचं. पत्ता वाचला की माणसाचं खातं कुठल्या गावातल्या कितव्या मशीनवर आहे ते कळायचं. खात्याला अजून गाव होतं.

ते गाव सुटलं क्लाउडमध्ये. २००६ च्या मार्चमध्ये ॲमेझॉननं एस-थ्री ही साठवणीची सेवा आणली आणि ऑगस्टमध्ये भाड्याच्या मशिनांची ईसी-टू. माझ्यापर्यंत हे २००९ मध्ये पोचलं. तोवर मी बाणेरच्या एका छोट्या कंपनीत होतो. खातं उघडलं होतं आमच्या डायरेक्टरांच्या क्रेडिट कार्डावर, मशीन होतं अमेरिकेत, आणि हात लावून ताप बघायची सोय संपली होती.

त्या काळची कमांडची हत्यारं जावामध्ये लिहिलेली होती. एक साधी यादी मागितली तरी जावा आळोखेपिळोखे देत उठायचं, तेवढ्यात मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन यायचो. ओळख पटवायला दोन पेम फायली लागत, एक सर्टिफिकेटची आणि एक किल्लीची. त्यांची नावं इतकी लांब आणि अगम्य की मी ती नेहमी चिकटवायचोच, टाइप कधी केली नाहीत. खाते क्रमांक बारा आकडी. संकेतस्थळावर तो चार-चारच्या गटात, मध्ये आडव्या रेघा देऊन दाखवत. आणि मशीनचा साचा बांधायची जी कमांड होती तिला तोच क्रमांक रेघांशिवाय हवा असे. या एका कारणापायी मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. शेवटी तो क्रमांक कागदावर बिनरेघांचा लिहिला आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवला. रजिस्टरची जागा त्या पिवळ्या चिठ्ठीनं घेतली, शेऱ्याचा रकाना मात्र तिथे नव्हता.

२०१३ च्या सप्टेंबरात 'एडब्ल्यूएस' ही एकच कमांड सगळ्या सेवांसाठी आली आणि जावाची जांभई थांबली. पण सुरुवातीला एक साधी गोष्ट तिला सरळ विचारता येत नव्हती: हे खातं कुठलं? मग आम्ही आडवाटेनं जायचो. एखाद्या सिक्युरिटी ग्रुपची माहिती मागायची, तिच्यात मालकाचा क्रमांक असतो, तो खुडून घ्यायचा. नाहीतर आयएएम गेट-युजर म्हणायचं. त्यातली मजा अशी की तुम्हाला ती माहिती बघायची परवानगी नसली, तर सिस्टिम फटकारायची की अमुक खात्यातल्या तमुक युजरला ही मुभा नाही. आणि त्या फटकाऱ्यात खाते क्रमांक नि नाव, दोन्ही लख्ख छापलेलं असायचं! सोसायटीचा वॉचमन आत सोडत नाही, पण रजिस्टरातून तुमचं नाव, फ्लॅट नंबर मोठ्यानं वाचून दाखवतो, तसलाच प्रकार. कितीतरी स्क्रिप्टांमध्ये आम्ही त्या नकारातूनच क्रमांक कापून घेत होतो.

गेट-कॉलर-आयडेंटिटी आली आणि ही उचलेगिरी संपली. तिला कसलीही परवानगी लागत नाही. ॲडमिननं मुद्दाम बंदी घातली तरी ती उत्तर देते. याचं ॲमेझॉननं दिलेलं कारण वाचून मला आमची जुनी स्क्रिप्टं आठवली: परवानगी नाकारली तरी नकाराच्या संदेशात हीच माहिती जाते, मग अडवून उपयोग काय?

उत्तर तीन ओळींचं. युजर आयडी, अकाउंट आणि एआरएन. बाकी दोन ओळींत आकडे-अक्षरांचा भुसा, पण एआरएन वाचण्यासारखा असतो. गावाकडच्या पत्रावर आपण मु. पो., ता., जि. लिहितो, एआरएन तोच पत्ता, उलट्या क्रमानं, कोलननं तोडलेला. आधी कुठला क्लाउड, मग कुठली सेवा, मग प्रदेश, मग बारा आकडी खातं आणि शेवटी खुद्द तुम्ही. युजरच्या पत्त्यात प्रदेशाची जागा रिकामीच असते, दोन कोलन नुसते शेजारी शेजारी, कारण माणूस कुठल्या एका प्रदेशाचा धरतच नाहीत. आयडीची पहिली चार अक्षरं जात सांगतात. एआयडीए असेल तर कायमचा युजर, एआरओए असेल तर कुणीतरी तात्पुरती भूमिका अंगावर चढवलीय. किल्ल्यांचंही तसंच: एकेआयए पक्की, एएसआयए थोड्या वेळापुरती. पिवळं, केशरी, पांढरं रेशनकार्ड दुरून ओळखावं, तसं हे सवयीनं ओळखू येतं.

हे एका खात्याचं झालं. आज माझ्या लॅपटॉपवर तेवीस प्रोफाइली आहेत, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांतल्या तेवीस ओळखी. त्यातल्या काही ॲमेझॉनच्या नाहीतच. मायक्रोसॉफ्टकडे खात्याला सबस्क्रिप्शन म्हणतात, तिथे 'एझेड अकाउंट शो' म्हणायचं. गूगलकडे प्रोजेक्ट म्हणतात, तिथे 'जीक्लाउड कॉन्फिग लिस्ट'. जाता जाता एक सांगतो. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये भारतात डेटा सेंटरं काढली, तेव्हा मुंबईला 'वेस्ट इंडिया' म्हटलं आणि पुण्याला 'सेंट्रल इंडिया'. इथे कुणाला काही नवल वाटलं नाही. पुणं मध्यवर्ती आहे हे आम्ही पूर्वीपासूनच सांगतोय.

खुर्ची एक आणि ओळखी तेवीस, हे प्रकरण मला एका शुक्रवारी चांगलंच भोवलं. कंपनीचं नाव नको, चूक माझीच होती. चाचणीच्या खात्यात चालू असलेली सगळी मशिनं शनिवार-रविवारसाठी बंद करायची एक छोटी स्क्रिप्ट मी लिहिली होती, भाडं वाचावं म्हणून. यादी काढ, सगळ्यांना थांबव, एवढंच. संध्याकाळी सहाला काळी खिडकी पुढे घेतली, एडब्ल्यूएस-प्रोफाइल या व्हेरिएबलमध्ये 'टेस्ट' लिहिलं, स्क्रिप्ट चालवली आणि डबा आवरायला लागलो. यादीत अकरा मशिनं आली. चाचणीत सहाच असायला हवी होती. हे माझ्या डोळ्यांना दिसलं, डोक्यात शिरलं नाही. खाली पार्किंगमध्ये पोचेपर्यंत फोन वाजला. गिऱ्हाइकाचं सगळं बंद पडलं होतं.

झालं होतं असं. दुपारी त्याच खिडकीत मी गिऱ्हाइकाच्या खात्याच्या किल्ल्या एक्सपोर्ट करून ठेवल्या होत्या, दोन मिनिटांच्या कामासाठी. खिडकी बंद केली नव्हती. आणि नियम असा आहे की वातावरणात, म्हणजे त्या खिडकीतच, उघड्या किल्ल्या असतील तर त्याच आधी उचलल्या जातात, प्रोफाइलचं नाव व्हेरिएबलमध्ये कितीही ठळक लिहा. कमांडलाच जोडून प्रोफाइल दिलं असतं तर वाचलो असतो. मी पाटी 'टेस्ट'ची लावली होती, पण खिशात किल्ल्या दुसऱ्याच घराच्या. मशिनं पुन्हा चालू केली, तर थांबून उठलेल्यांपैकी चारांचे सार्वजनिक आयपी पत्ते बदललेले. ते दुरुस्त करून घरी जाईपर्यंत साडेदहा झाले. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "चुकून दुसऱ्या खात्यात गेलो." तिला आधी वाटलं माझी बदली झाली.

'एडब्ल्यूएस कॉन्फिगर लिस्ट' असं नुसतं म्हटलं असतं तरी कळलं असतं. तिच्या उत्तरात किल्लीची शेवटची चार अक्षरं दिसतात, बाकी चांदण्या. आणि शेजारच्या रकान्यात ती किल्ली कुठून आली तेही: फाइलीतून की वातावरणातून. अकराव्या टर्मिनलावर का बसलायस, हे विचारणारे साहेब आता या रकान्यात बसतात. फक्त ते मागे येऊन उभे राहत नाहीत, आपण बोलवावं लागतं.

आमच्या टीममध्ये दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, सांगलीची. तिला खातं आणि त्यातली मशिनं यांचा हिशेब मी सातबाऱ्यावरून समजावला. सातबारा एकेका गटाचा. आठ-अ वर मात्र एका खातेदाराच्या नावावर गावात जे जे आहे ते सगळं. क्लाउडचं खातं म्हणजे आठ-अ. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, पण आठ-अ वर माणसाचं नाव असतं."

अगदी वर्मी बोलली. कमांड मला बारा आकडे देते, तेही क्षणात. कापडी पाठीचं रजिस्टर शोधायला अर्धा तास लागे, पण त्यात माणूस सापडायचा. गेल्या वर्षी आम्ही कंपनीची सगळी खाती ऑर्गनायझेशन्स लिस्ट-अकाउंट्सनं काढली. एक खातं निघालं 'टेस्ट-टू-न्यू' नावाचं. दरमहा थोडंसं बिल येत होतं, कुणाच्या नजरेत भरणार नाही इतपत. नोंदलेला ईमेल एका माणसाचा, जो कंपनी सोडून गेला होता. आत एक मशीन आणि एक साठा. मशीनच्या आत शिरलो तर त्याला १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर स्वतःबद्दल विचारता येतं. त्यानं इमानदारीनं आपला खाते क्रमांक, प्रदेश, जन्मतारीख सांगितली. कशासाठी जन्मलो ते त्याला ठाऊक नव्हतं. टॅग लावायची सोय असते, मालक, काम, खर्चाचं शीर्षक, सगळं लिहिता येतं. एकही टॅग नव्हता. शेऱ्याचा रकाना आजही आहे, तो भरायला लावणारं कुणी नाही. तीन आठवडे सगळ्यांना विचारून शेवटी आम्ही ते मशीन थांबवलं आणि फोनची वाट बघत बसलो. फोन आला नाही.

परवा त्या सांगलीच्या मुलीच्याच जागेवर बसून एका कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या एका बंद डब्यात, काहीतरी बघत होतो. हाताच्या जुन्या सवयीनं 'हू ॲम आय' टाइप केलं, तीन शब्द, मध्ये जागा सोडून. एंटर मारलं. एकही अक्षर न उमटता खाली नवा प्रॉम्प्ट आला.

"सर, काहीच आलं नाही," ती म्हणाली.

येणारच नव्हतं. ती कमांड लॉगिनच्या वहीत बघून उत्तर देते, आणि कंटेनरमध्ये टर्मिनलवर बसून लॉगिन करणारं कुणी नसतंच, वही कोरी. मग तिनं माझ्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला आणि तेच तीन शब्द जोडून लिहिले, 'हूॲमआय'. ही वेगळी कमांड, हिला खुर्चीशी देणंघेणं नाही. उत्तर आलं: रूट.

"इथे सगळेच रूट असतात," ती सहज म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली. मला ते लाखेचं पाकीट आठवलं.